मोगलाईची शीव, वऱ्हाडची मजुरी

दसरा झाला की लोणारच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, ज्वारीचं पोतं, दोन-चार कोंबड्या, चादरीत गुंडाळलेली लेकरं आणि सगळ्यांच्या वर बांधलेले कोयते. उसाचा हंगाम उरकून ही माणसं परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर. कुणी साताऱ्याला जातं, कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी त्याहून पुढे बेळगावकडच्या कारखान्यांवर.

एकाच घरातले दोन भाऊ समजा. थोरला कोल्हापूर जिल्ह्यात थांबला. धाकटा तिथून थोडं पुढे जाऊन कर्नाटकात शिरला. थोरल्याने पाचशे किलोमीटरहून जास्त प्रवास केला, तरी 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या लेखी तो कुठेच गेला नव्हता. धाकटा मात्र स्थलांतरित. त्याच्यासाठी ठेकेदाराने फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, प्रवासखर्च द्यायचा, आणि विस्थापन भत्ता म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम किंवा 75 रुपये, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं. हा भत्ता परत मागायचा नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. कागदावर, अर्थात. एका शिवेमुळे दोन भावांचे दोन कायदे झाले.

परदेशी मजुरांना येऊ द्यावं की नाही, ते आले नाहीत तर शेती कोण करील, ही चर्चा आपण हल्ली अमेरिका आणि युरोपच्या बातम्यांत ऐकतो. ती आपल्याला दूरची वाटते. पण आमचं लोणार शंभर वर्षांहून अधिक काळ अशाच एका शिवेवर बसलेलं गाव होतं. त्या शिवेची गोष्ट सांगितल्याशिवाय ट्रकवर बांधलेल्या कोयत्यांची गोष्ट कळत नाही, असं मला वाटतं.

लोणारहून दक्षिणेला निघालं की मंठा लागतं, थोडं आग्नेयेला जिंतूर. आज मधे फक्त जिल्ह्याची पाटी आहे. आमच्या घरातली जुनी माणसं मात्र त्या बाजूला ‘मोगलाई’ म्हणत. मोगल जाऊन जमाना झाला होता, पण निजामाच्या मुलखाला वऱ्हाडात हेच नाव होतं. ‘वो लोगां मोगलाई से आये,’ असं नानी सांगायची, तेव्हा मला लहानपणी वाटायचं की ही माणसं दिल्लीहून घोड्यावर बसून आली असतील. प्रत्यक्षात माझे पणजोबा जिंतूरच्या बाजूने पायी आले होते, कापूस वेचायला.

ही शीव पडली 21 मे 1853 रोजी. हैदराबादच्या फौजेचा खर्च थकला म्हणून डलहौसीच्या काळात कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. सालारजंगांनी दिवाण असताना वऱ्हाड परत मिळावं म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. ते मिळालं नाही. 1902 साली कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतलं, आणि पुढच्या वर्षी ते मध्यप्रांताला जोडलं. 1936 च्या करारात पुन्हा निजामाच्या मालकीला मान्यता मिळाली, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि वऱ्हाडातल्या मशिदींत जुम्म्याचा खुत्बा निजामाच्या नावाने वाचण्याची मुभा मान्य झाली. म्हणजे खुत्ब्यात नाव हैदराबादचं, सातबारा इंग्रजी अमलातला, आणि मजुरी कापसाच्या भावाप्रमाणे.

त्या शिवेवर नाके होते. निजामाच्या राज्यात मालावर जकात घेणारं ‘करोडगिरी’ नावाचं खातंच होतं. धान्याची गोणी, कापडाचा गठ्ठा, तुपाचा डबा अडवला जाई. रिकाम्या हातांनी चाललेला माणूस मात्र कुणी अडवत नसे. मजुरासाठी परवाना, पास, मुदत असलं काही नव्हतं. ही साधी गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासात फार मोलाची ठरते.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. नजर वऱ्हाडावर गेली. भाव चढले. त्याच दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, शेगाव करत 1867 साली नागपूरला पोचली. 1870 मध्ये खामगावला फाटा निघाला आणि तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. काळ्या मातीची पडीक जमीन नांगराखाली आली. पण कापूस हे हाताचं पीक आहे. पेरायला माणूस लागतो, निंदायला लागतो, आणि वेचायला तर एकाच वेळी फार लागतात. बोंड फुटलं की ते कुणासाठी थांबत नाही. एवढे हात वऱ्हाडात नव्हते. ते खानदेशातून आले, घाटाकडून आले, आणि मोगलाईतून आले.

इथे कायद्याने काय केलं? काहीच नाही. आणि तेच त्याचं मोठं काम होतं. जिंतूरच्या मजुराला इकडे चार आणे जास्त मिळतात असं कळलं की तो निघे. एका गावात मालकाने नीट वागवलं नाही की तो दुसऱ्या गावी जाई. पुढे सरकी पेरायला पडीक जमीन मिळाली तर तिथेच राही. आमचं घर असंच इथलं झालं. पणजोबांवर कुणाची उचल नव्हती आणि हातात कसला करारही नव्हता. ते गरीब होते, पण निघून जाऊ शकत होते.

याला रम्य रंग देण्याचं कारण नाही. त्यांना इकडे ढकललं ते बऱ्याचदा कोरड्या सालाने. 1899-1900 च्या दुष्काळात मोगलाईतून आलेली उपाशी माणसं वऱ्हाडातल्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. खुद्द वऱ्हाडही तेव्हा मरणपंथाला लागलं होतं. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती सुमारे 29 लाख होती, ती 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कामावर रांगेत उभा असलेला माणूस आपल्या मुलखातला की निजामाच्या, हा हिशोब अशा वेळी सुरू होतो. काम भरपूर असतं तोवर शिवेची आठवण कुणाला होत नाही. भाकरी कमी पडली की होते.

आता याच काळातली दुसरी बाजू पाहू. ज्या सरकारने वऱ्हाड आणि मोगलाईच्या मधे मजुराला मोकळं सोडलं, त्याच सरकारने समुद्रापार जाणाऱ्या शेतमजुरासाठी एक भलंमोठं कायद्याचं यंत्र उभं केलं होतं. मॉरिशसमध्ये 1835 साली गुलामी उठली. उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणं सुरू झालं होतं. अत्याचारांच्या बातम्या आल्या, तेव्हा काही वर्षं बंदी आली. 1842 च्या कायद्याने ते सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झालं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तिथे साडेचार लाखांहून अधिक माणसं गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीसारख्या कोकणी जिल्ह्यांतले आणि देशावरचे मराठी होते. त्यांचे वंशज आजही तिथे स्वतःला मराठी म्हणवतात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. हिंदू-मुसलमान एकाच जहाजातून गेले आणि एकाच धक्क्यावर उतरले. पोर्ट लुईचा तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

‘अॅग्रीमेंट’चं आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केलं. त्या गिरमिटात काय होतं? ठरावीक वर्षांचा करार, ठरलेली मजुरी, रेशन. ऐकायला वाईट नाही. पण एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. याला ‘डबल कट’ म्हणत. मळा सोडून गेलं की तो दिवाणी तंटा नव्हता, तो गुन्हा होता. त्याला तुरुंग होता. करार संपलेल्या जुन्या मजुरांसाठी 1867 साली फोटो लावलेला पास सक्तीचा झाला. तो जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. 1871 मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्याने हजारो जुन्या मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, तेव्हा कुठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

नाताळमध्ये वेगळी युक्ती होती. तिथे 1895 च्या कायद्याने, करार संपल्यावर जो पुन्हा करार करणार नाही आणि हिंदुस्थानातही परतणार नाही, त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. मजुराच्या मिळकतीत तो भरणं म्हणजे कंबर मोडणं. म्हणजे मजूर म्हणून राहा किंवा निघून जा. मोकळा माणूस म्हणून मात्र राहू नकोस. तो कर उठायला 1913 चा संप व्हावा लागला आणि 1914 साल उजाडावं लागलं. त्या लढ्यात अहमद मुहम्मद काछलियांसारखे मुसलमान व्यापारी तुरुंगात गेले, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

आणि या गिरमिटाविरुद्ध कायदेमंडळात उभा राहिला तो एक मराठी माणूस, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकमध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. 1910 साली त्यांनी नाताळला मजूर पाठवणं थांबवण्याचा ठराव आणला आणि 1 जुलै 1911 पासून ते थांबलं. 1912 मध्ये त्यांनी गिरमिटाची पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, तो हरला. गोखले 1915 मध्ये गेले. 1917 मध्ये गिरमिटाची भरती थांबली आणि 1920 च्या पहिल्या दिवशी उरलेले करारही संपले.

मळेवाल्यांचा युक्तिवाद शेवटपर्यंत एकच होता: मजूर मिळत नाहीत, म्हणून हे कायदे. पण मजूर मिळत नव्हते असं नाही. मिळालेला मजूर जास्त मजुरीकडे निघून जात होता, हे त्यांचं दुखणं होतं. वऱ्हाडच्या शेतकऱ्यालाही सुगीत हात कमी पडत. त्याने दर वाढवला आणि मोगलाईतून माणसं आली. मळेवाल्याने दर न वाढवता निघून जाण्याचा रस्ता बंद केला. शेतमजुरांचा पुरवठा म्हणतात तो प्रश्न बहुतेक वेळा असा असतो. दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो. कायदा ठरवतो ते एवढंच, की तो ज्या शेतात पोचला तिथून त्याला उठून जाता येईल की नाही. आणि त्यावर त्याची मजुरी ठरते.

दार नुसतं बंद करूनही प्रश्न सुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणायला सुरुवात केली. 1942 ते 1964 या काळात असे सुमारे 46 लाख करार झाले. त्या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत, म्हणजे बाहूंच्या बळावर काम करणारे. 1964 च्या अखेरीस योजना बंद झाली. कॅलिफोर्नियाचे टोमॅटोवाले म्हणाले, आता आमचं पीक सडणार. सडलं नाही. त्यांनी तोडणीचं यंत्र आणलं आणि यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटो. इतर पिकांत मेक्सिकोचेच मजूर येत राहिले, फक्त आता कागदाशिवाय. कागद नसलेला मजूर तक्रार करत नाही. मालकाला तो करारवाल्याहूनही स्वस्त पडतो.

हे सगळं लोणारपासून फार दूर वाटत असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या पासपोर्टांकडे पाहा. दहावी न झालेल्या मुलाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का असतो. 1983 च्या उत्प्रवासन कायद्यानुसार त्याला आखाती देशात कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. हेतू त्याच्या संरक्षणाचा आहे. पण एजंट त्याला सांगतो की भेटीच्या व्हिसावर चल, तिकडे बघू, आणि तो कायद्याच्या छत्रीबाहेर जातो. तिकडे खजुराच्या बागेत किंवा मेंढरांमागे काम लागलं तर आणखी पंचाईत. सौदी अरबने मार्च 2021 पासून मालक बदलण्याचे नियम सैल केले, पण त्यातून घरकामगार, मेंढपाळ आणि शेतमजूर वगळले. बांधकामावरचा मजूर कफील बदलू शकतो. शेतावरच्याला ती वाट नाही. ज्या मुलखातून आपल्याला हक्कुल-इबाद शिकवलं गेलं, तिथेही शेतमजूर रांगेत शेवटचाच आहे, हे बोलताना आपली जीभ अडखळू नये.

पुन्हा आपल्या शिवेकडे येऊ. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले आणि लोणार-मंठ्याच्या मधली राज्याची सीमा पुसली गेली. 1972 च्या दुष्काळात मात्र इकडचे आणि तिकडचे दोघेही एकाच वेळी कोरडे पडले. त्या वेळी महाराष्ट्राने एक गोष्ट केली जी जगात क्वचित कुणी केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला. खेड्यातल्या माणसाने काम मागितलं तर सरकारने ते द्यायचं, तेही त्याच्या गावाजवळ. मोठे शेतकरी कुरकुरले की मजूर महागले. महागणारच! शेतमजुरांच्या पुरवठ्यावर सगळ्यात मोठा परिणाम करणारा कायदा हा स्थलांतराचा नसतो. घरी थांबण्याचा हक्क देणारा कायदा तो परिणाम करतो. ज्याला थांबता येतं त्यालाच जाताना भाव करता येतो.

ती हमी जिथे वेळेवर काम देत नाही तिथे मुकादम येतो. त्याच्या हातात उचल असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे आगाऊ रक्कम. लग्न, आजारपण, घराचं पत्रं, काहीतरी अडलेलं असतंच. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’ पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. मॉरिशसचा डबल कट आठवतो? दीडशे वर्षांनी तो मराठीत वेगळं नाव घेऊन आला आहे. बाईला पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या आकड्यामागे अनेक कारणं असतील. खाडा हे त्यांतलं एक आहे.

इंग्रजांच्या काळात 1859 चा एक कायदा होता. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या मजुराला न्यायाधीश तीन महिन्यांपर्यंत कैद देऊ शकत असे. तो 1925 मध्ये रद्द झाला. 1976 मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. म्हणजे उचल न फेडणाऱ्या मजुराला धरून ठेवण्याचा अधिकार आज कुणालाच नाही. तरी हंगाम अर्धवट सोडून आलेल्या माणसाच्या दारात गाडी येऊन उभी राहते, आणि गावात सगळ्यांना ते रीतसरच वाटतं. कायदा गेला, त्याची सवय गेली नाही.

आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली पैगंबरांची शिकवण आहे, की मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी. एका मुकादमाने मला मोठ्या ठसक्यात ऐकवलं होतं, ‘भाई, मी तर घाम येण्याआधीच देतो.’ मी तेव्हा गप्प बसलो. आज उत्तर सुचतं. त्याने दिली ती मजुरी नव्हती, ते कर्ज होतं. मजुरी घेतलेला माणूस उठून जाऊ शकतो. कर्ज घेतलेला जाऊ शकत नाही. फरक एवढाच आहे, आणि पणजोबा व आजचा कोयतेवाला यांच्यातला फरकही एवढाच.

1979 च्या कायद्याने हा फरक ओळखला होता. म्हणून तर त्याने विस्थापन भत्ता परत न करण्याचा ठेवला, आणि घेतलेली उचल लिहिलेलं पासबुक मजुराच्या हाती द्यायला सांगितलं. मॉरिशसचा फोटोवाला पास मजुराला पकडायला होता, हे पासबुक त्याला सोडवायला होतं. पण ते राज्याची सीमा ओलांडणाऱ्यापुरतं राहिलं, आणि तिथेही फारसं कुणी पाहिलं नाही. 2020 च्या नव्या संहितेने तो कायदा आपल्यात सामावून घेतला, तेव्हा विस्थापन भत्ता गळून पडला. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालं आहे. त्याचं ओळखपत्र घ्यायलाच हवं.

पण मुंबई-दिल्लीची वाट न पाहता एक काम आपल्याला करता येईल. मशिदीच्या कमिटीकडे चंद्याची वही असते, दफनाची नोंद असते. तशीच आणखी एक वही ठेवावी. दसऱ्याला कोण गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, उचल किती घेतली, सोबत लेकरं किती. शेजारच्या तांड्यावरचं कुणी आलं तर त्यांचंही नाव त्याच वहीत लिहावं. उसाच्या फडात जात-धर्म विचारून खाडा पडत नाही. हिशोबाच्या वेळी मुकादम म्हणेल तो आकडा आणि वहीतला आकडा, दोन्ही समोर राहतील. ट्रक भरायला लागण्याआधी, नवरात्रातच, ही वही उघडायला हवी.